विस्मृती आणि संबंधत्याग

सूत्रपाठाच्या आचार प्रकरणात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी अनुसरलेल्या साधकास स्वदेश व स्वग्राम यांचा त्याग सांगितला, आणि आप्तसंबंधाचा त्याग त्याहूनही आवर्जून सांगितला. या आज्ञेचे प्रामाण्य पंथात निर्विवाद आहे. परंतु मनुष्याचे आयुर्मान वाढले तसा एक नवा प्रसंग साधकांपुढे येऊ लागला आहे, आणि त्या प्रसंगी 'संबंध' या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे पाहणे प्राप्त होते.

प्रसंग असा. चाळीस वर्षांपूर्वी घर सोडून अनुसरलेले एक वृद्ध महात्मे आश्रमात राहतात. त्यांची थोरली बहीण प्रपंचात राहिलेली, वासनिक. तिला स्मृतिभ्रंश जडला आणि मुलांनी तिला पुण्यात अशाच रुग्णांसाठी असलेल्या शुश्रूषागृहात ठेवले. एके दिवशी भाच्याचा दूरध्वनी येतो. "दंडवत प्रणाम, बाबा. आई रोज दिवस मावळताना रडते. पवळ्याला पाणी दाखवलं का, एवढंच विचारते. पवळ्या कोण, आम्हांला ठाऊक नाही." आणि मग न राहवून, "मामा, तुम्ही एकदा याल का?"

पवळ्या म्हणजे त्यांच्या वडिलांच्या दावणीचा बैल. ही गोष्ट जाणणारे आता जगात दोघेच उरले. एकीला ती सोडून दुसरे काही आठवत नाही, आणि दुसऱ्याने ती विसरण्याचे व्रत घेतलेले.

या व्याधीची रीतच अशी आहे. 1906 साली जर्मन वैद्य अल्झायमर यांनी तिचे पहिले वर्णन केले. तीत प्रथम नव्या आठवणी जातात. सकाळचे जेवण, नातवाचे नाव, स्वतःचे घर. बालपणीच्या आठवणी बहुधा सर्वांच्या मागून जातात. भारतात साठ वर्षांवरील सुमारे 88 लाख जनांस स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. तेव्हा हा प्रसंग एखाद्याच आश्रमापुरता राहणारा नव्हे.

कठोर पक्ष म्हणेल की जाण्याचे कारण काय? तो बैल होता, एवढे कळवावे म्हणजे झाले. महात्म्यांनी प्रथम तसेच केले. दुसऱ्या दिवशी मुलाने आईला सांगितले, "पवळ्याला पाणी दाखवलं." तिने लगेच विचारले, "कुठल्या विहिरीवर?" मुलगा निरुत्तर झाला. तिच्या एका प्रश्नापुढे दुसरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर दूरध्वनीवरून पुरवता येत नाही.

तरीही कठोर पक्ष हलका लेखू नये. साधकाचे स्मरण नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे असावे. त्या जागी दावण, विहीर आणि बैल आणून बसविणे ही लहान हानी नव्हे. सायंकाळ ही तर स्मरणाचीच वेळ. शिवाय बहिणीपाशी एकटी बहीण नसते. भाचे, भाचसुना, चुलत घराण्यातील माणसे, ज्यांचे एकमेकांशी वर्षानुवर्षे बोलणे नाही तीही तिच्या खाटेभोवती जमतात. मग घरी जेवायला चला म्हणतात, नातीच्या लग्नाला या म्हणतात, आणि जुन्या बांधाच्या तंट्यात साक्षीलाही बोलावतात. खरा धोका इथे आहे. ज्या बहिणीला भाऊ ओळखूच येत नाही, ती त्याला कसली बांधणार?

आज्ञेने जे सोडायला सांगितले ते व्यक्ती नव्हे. नागदेवाचार्यांची चुलत बहीण महदाइसा त्यांच्याबरोबर त्याच मार्गात होती. नाते तुटले म्हणून ती परकी झाली नाही. सोडायचे ते ममत्व, म्हणजे 'माझे' म्हणून देणे आणि 'माझे' म्हणून मिळण्याची वाट पाहणे. या खाटेपाशी मिळण्यासारखे काही नाही. मान नाही, ओळख नाही, उद्या 'भाऊ येऊन गेला' ही आठवणदेखील नाही. वैद्य औषध देतो, स्वतः पीत नाही. महात्म्यांनी पवळ्याची आठवण तशी द्यावी. ती देताना स्वतःस गोड लागू लागली, तर मात्र उठावे. हे ज्याचे त्यालाच कळते, आणि कळूनही उठवत नाही, हेही खरे.

वासनिकांस आणखी एक चिंता असते. नाम विसरलेल्या जिवाच्या स्मरणाचे काय? येथे म्हाइंभटांचे कार्य आठवावे. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांनी लीळा गोळा केल्या त्या एकाच्या तोंडून नव्हे. ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याला विचारले, आणि नागदेवाचार्यांकडून ते पारखून घेतले. एकाला जे स्मरले नाही ते दुसऱ्याने सांगितले. मार्गाची स्मृती प्रथमपासून अनेकांनी मिळून वाहिलेली आहे. बहिणीला लीळा आठवत नसेल, तर तिच्यापाशी बसून दुसऱ्याने म्हणावी. आणि अविद्येने वेढलेला जीव परमेश्वरास विसरला म्हणून काही परमेश्वर त्यास विसरत नाही. तसे असते, तर अवतार कशाला झाला असता?

महात्मे गेले. जेवणाचे आमंत्रण त्यांनी नाकारले, लग्नाचेही, आणि बांधाचा विषय निघताच ते उठून व्हरांड्यात जाऊन बसले. तिन्हीसांजेला बहिणीने विचारले, "पवळ्याला पाणी दाखवलं?"

"दाखवलं, अक्का. खालच्या विहिरीवर."

ती निवांत झाली. मग त्यांनी हलक्या आवाजात एक लीळा सांगितली. भाचे आणि चुलत भाऊ, आठ-दहा माणसे, एकमेकांकडे न पाहता ऐकत राहिली. शेजारच्या खाटेवर एक वृद्धा होती, तिला भेटायला कुणी आलेले नव्हते. तिनेही मान वळवली, आणि आपल्या गावची बस किती वाजता सुटते म्हणून विचारले. महात्म्यांनी खुर्ची तिच्याकडे ओढली.