तसबिरीतला गड, गडाखालची वाडी

खालापूर तालुक्यातल्या साजगावच्या विठोबाच्या देवळापासून पूर्वेकडे पाहिलं की बोरघाटाची डोंगररांग समोर येते. दोनशे वर्षांपूर्वी हा घाट लंडनच्या दिवाणखान्यांत पोचला. चित्रकार विल्यम वेस्टॉलने माथ्यावरून रेखाटलेलं त्याचं दृश्य रॉबर्ट ग्रिंडलेच्या चित्रसंग्रहात (१८२६-१८३०) छापलं गेलं. दौलताबादचा किल्लाही त्याच संग्रहात आहे.

अशा चित्रांपुढे माझं मन सनावळीकडे वळतं. १८१८ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांचे गड एकामागून एक घेतले. पुन्हा कुणी वर ठाण मांडू नये म्हणून कित्येक गडांच्या वाटा आणि पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर आठच वर्षांत हा संग्रह निघू लागला. गडाची भीती संपली, तेव्हाच त्याचं सौंदर्य दिसू लागलं. ही नजर विलायतेत आधीच घडली होती. तुटका बुरूज चित्राला धड इमारतीपेक्षा जास्त शोभतो, हे इंग्रज लेखक विल्यम गिल्पिनने अठराव्या शतकातच तिथल्या रसिकांच्या मनावर बिंबवलं होतं. तिथल्या कॅसलांकडे बघायची ती हुरहूर मग सह्याद्रीवर पांघरली गेली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला (१७१५) गड मात्र रम्य नाही, राबता आहे. आधी पाणी शोधायचं, मग बांधकाम. झाडं लावायची आणि जपायची. दारूखाना घरांपासून लांब ठेवायचा. गड म्हणजे वर आणि पायथ्याच्या घेऱ्यात राहणाऱ्या माणसांची रोजची कामं.

पुढे मराठी मनाने तीच पडकी प्रतिमा उचलली आणि तिच्यातला अर्थ उलटवला. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवरायांवर पोवाडा लिहिला, त्यातला राजा कष्टकऱ्यांचा होता. १८९६ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला. इंग्रजांना ज्या भग्न तटात सरलेला काळ दिसत होता, त्यातच आपल्या लोकांना परत मिळवायचं राज्य दिसलं. पुण्याच्या चित्रशाळेने (१८७८) इतिहासपुरुषांची चित्रं घरोघरी नेली. रविवर्म्यांचा छापखाना तर मुंबईहून घाट चढून लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी, मळवलीला गेला. हे स्मरण मला इंग्रजी हुरहुरीहून फार मोलाचं वाटतं, कारण त्यातून माणसं उभी राहिली. दिवाळीत मातीचा किल्ला करणारं पोर आजही त्यावर आधी मावळे मांडतं.

मोठ्यांच्या चित्रांतून मात्र माणसं गळत गेली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गड धुक्यात एकटा उभा असतो. २०२५ मध्ये बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात लोहगड आहे. अभिमान वाटलाच. पण त्याआधी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. गडावर जाणाऱ्या कितीजणांना या वाडीने पाणी पाजलं असेल, वाट दाखवली असेल. त्यांनी काढलेल्या छायाचित्रांत सुळका असतो, त्याचं नेढं असतं, वाडी क्वचितच.

यापुढे कुणी इर्शाळगड रेखाटला, तर वाडीची जागा त्यात दाखवावी. वाचलेल्यांची चौकजवळची नवी घरंही दाखवावीत, आणि सुळक्यापेक्षा ती जवळ काढावीत.