अतिशयोक्ती आणि असत्य

इंग्रजीत एखाद्या नव्या वस्तूची तोंड भरून स्तुती करावयाची झाली, की ती 'कापलेल्या पावानंतरची सर्वोत्तम गोष्ट' ठरते. ७ जुलै १९२८ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या चिलिकोथी गावी यंत्राने काप केलेला पाव विक्रीला आला. वेष्टनातला पाव निघाल्यापासूनची ही सर्वांत मोठी प्रगती, अशी त्याची जाहिरात होती. पुढे तो पावच तुलनेचे माप होऊन बसला.

ज्याच्या कानावर ही भाषा लहानपणापासून पडली आहे, तो हे वाक्य ऐकून हसतो आणि सोडून देतो. ते अक्षरशः खरे नाही, हे विक्रेता जाणतो, ग्राहकही जाणतो. म्हणून त्याला असत्य म्हणता येत नाही. विरहिणीच्या अश्रूंनी नदीला पूर आणणारा कवी कोणाला फसवीत नाही. आपल्या अलंकारशास्त्राने अतिशयोक्तीला अलंकारांत स्थान दिले, ते रसिकाला हा संकेत ठाऊक असतो म्हणूनच.

परंतु संकेत ठाऊक नसलेल्या श्रोत्यापुढे तेच बोलले तर? 'नो स्ट्रिंग्ज अटॅच्ड' या शब्दांना भुलून कोणतीही अट नाही असे समजणारा मनुष्य पत्रकाच्या तळाची बारीक अक्षरे वाचीत नाही. 'पीस ऑफ माइंड' देऊ करणाऱ्या विम्यातून कोणते आजार वगळले आहेत, हे त्याला रुग्णालयात कळते. शब्द तेच राहतात, त्यांची नीती बदलते.

हा वाद न्यायालयातही जुना आहे. १८९१ साली इंग्लंडमधील कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने जाहीर केले, की आमचे साधन सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला शंभर पौंड देऊ. श्रीमती कार्लिल यांनी ते वापरले आणि त्या आजारी पडल्या. हा केवळ जाहिरातीचा फुगवटा होता, असा बचाव कंपनीने केला. १८९२ साली न्यायाधीशांनी तो फेटाळला. आपला हेतू खरा आहे हे दाखविण्यासाठी हजार पौंड बँकेत ठेवल्याचे कंपनीनेच छापले होते. विश्वास बसावा म्हणून बोललेले शब्द पुढे थट्टेवारी नेता येत नाहीत.

ग्राहकाने सावध असावे, हे म्हणणे गैर नाही. पण शब्दांची निवड विक्रेता करतो. तो मित्राच्या सलगीने बोलतो. मित्राला दुसऱ्या दिवशी घरी जाऊन जाब विचारता येतो. जाहिरातीला दार नसते. भारतात २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत त्याचा खुलासाही असावा, असे सांगितले. नियम योग्य आहे. मात्र भाषा एक असूनही वाक्प्रचार परका असू शकतो.

पिढ्यानुपिढ्या दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगावयास नको. परभाषेतील शब्द लवकर येतो, त्यातली थट्टा कळावयास आयुष्य लागते. म्हणून कसोटी चतुर ग्राहकाची नसावी. जो शब्द शब्दशः घेईल, त्याच्यासमोर बसून तेच वाक्य साध्या भाषेत सांगण्यास विक्रेता तयार असेल, तर ती अतिशयोक्ती. तो कचरत असेल, तर ते असत्यच होय.