दोन ऋणे

गुरूचे ऋण कधी फिटत नाही, हे वाक्य गुरूच्या शोकसभेत हटकून उच्चारले जाते. ते उच्चारून झाले म्हणजे वक्त्यास धन्यता वाटते आणि श्रोत्यांचेही समाधान होते; कारण जे मुळी फिटणारच नाही, ते फेडण्याची यातायात कोणी करावी, असाच त्याचा गर्भितार्थ असतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या बाई वारल्या. छत्रपती संभाजीनगरात त्यांची शोकसभा झाली, तेव्हा आम्हीही हे वाक्य मोठ्या गंभीरपणे उच्चारले आणि अनेकांचे डोळे पाणावले. घरी आल्यावर मात्र त्याच वाक्याने आमचा पिच्छा पुरविला. ऋण फिटत नाही हे खरे, की आम्ही ते फेडले नाही एवढेच खरे?

बाई आमच्या शिक्षिका होत्या आणि शेजारीणही होत्या. ज्या शहरास २०२३ साली आजचे नाव मिळाले, ते त्यांच्या जन्मकाळी निजामाच्या राज्यातील औरंगाबाद होते. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपली, तेव्हा त्या तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. संस्थानात वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून चाले. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या या मुलीने गणित उर्दूतून शिकण्यास आरंभ केला होता. पुढे मराठी शाळेत आम्हांस शिकविताना गुणाकारास ‘जर्ब’ आणि भागाकारास ‘तकसीम’ हे शब्द त्यांच्या तोंडून निसटत, वर्गात हशा पिके, आणि त्याही हसत. त्यांचा एक नियम होता. चुकलेले गणित रबराने खोडावयाचे नाही. त्यावर एक रेघ ओढावयाची आणि शेजारी ते पुन्हा मांडावयाचे. “चूक दिसली पाहिजे रे, नाहीतर उद्या पुन्हा तीच करशील,” असे त्या म्हणत.

औरंगपुऱ्यात त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक होती. एका उन्हाळ्याच्या तोंडी आमची आई विषमज्वराने महिनाभर अंथरुणास खिळली. त्या महिन्यात आमचे दोन्ही वेळचे जेवण बाईंच्या चुलीवर झाले. त्याच महिन्यात वार्षिक परीक्षा झाली आणि बाईंनी आम्हांस गणितात एका गुणाने नापास केले. आईस ते लागले. संध्याकाळी बाई नेहमीप्रमाणे भाकरी-पिठले घेऊन आल्या, तेव्हा तिने तोंड फिरविले. बाईंनी ताट खाली ठेवले आणि शांतपणे म्हटले, “वहिनी, शाळेतला गुण माझा नाही, तो मला वाटता येत नाही. ही भाकरी माझी आहे.” त्यानंतरची सारी सुट्टी त्यांनी आम्हांस आपल्या ओसरीवर बसवून गणित शिकविले आणि एक पैसाही घेतला नाही.

शिक्षिकेचे कर्तव्य आणि शेजारधर्म या दोन वस्तू भिन्न आहेत, हे त्या बाईंस जितके स्पष्ट दिसत होते, तितके ते आम्हांस नीतिशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ वाचूनही दिसले नाही.

आपल्या परंपरेने या विषयाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो, असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. पैकी ऋषिऋण विद्याध्ययनाने फिटते. यातील मर्म असे की, ज्याचे घेतले त्यास ते परत करावयाचे नाही. ऋषी आपल्या दारी वसुलीस येत नाही. आपण विद्या जतन करावी आणि पुढच्यास द्यावी, म्हणजे त्याचे पावले. आमच्या शहरातच याचा दृष्टांत आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगराकडील पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. मलिक अंबर १६२६ साली वारला; नहरीचे पाणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक प्याले. त्यांनी त्याचे ऋण कसे फेडावे? नहर बुजू न देणे, एवढाच त्यास उपाय.

या विचाराने आम्ही स्वतःस पुष्कळ वर्षे समजाविले होते. तीस वर्षे आम्ही महाविद्यालयात शिकवीत आहो. एका गुणासाठी आलेल्या वशिल्यास आम्ही कधी भीक घातली नाही. बाईंचे घेतले ते आम्ही पुढे दिले, अशी आमची समजूत होती, आणि ती सर्वस्वी खोटीही नव्हती.

परंतु शतपथ ब्राह्मणात या तिहींच्या जोडीस एक चौथे ऋण सांगितले आहे: मनुष्यांचे. ते अध्ययनाने फिटत नाही. माणसास आसरा आणि अन्न देऊन फिटते. बाईंची भाकरी या चौथ्या खात्यातील होती आणि ते खाते आम्ही कधी उघडूनच पाहिले नाही. आम्ही सिडकोत घर बांधले. औरंगपुऱ्यापासून अंतर सारे दोन कोसांचे. बाई एकट्या राहिल्या होत्या. अखेरच्या चार वर्षांत त्यांची दृष्टी मंदावली. वर्तमानपत्र वाचून दाखविण्यास सवडीने येत जा, असा त्यांनी निरोप पाठविला. उत्तरपत्रिका तपासून झाल्या की येतो, असे आम्ही कळविले. चार वर्षांत आम्ही दोनदा गेलो. त्यांस रोज संध्याकाळी वाचून दाखविले ते पलीकडच्या खोलीत राहणाऱ्या भाजीवाल्या बाईच्या मुलीने. ती त्यांची विद्यार्थिनी कधीच नव्हती. शोकसभेत ती मागे, दाराशी उभी होती. तिला कोणी बोलावयास सांगितले नाही आणि तिच्याजवळ सांगण्यासारखे थकलेले ऋणही नव्हते.

कोणी म्हणेल, जो हजारो मुलांस शिकवितो त्याने शेजाऱ्याच्या उशाशी बसलेच पाहिजे काय? मोठ्या कार्यात लहान कर्तव्ये विलीन होत नाहीत काय? या प्रश्नास सावित्रीबाई फुले यांच्या चरित्राने उत्तर दिलेले आहे. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत ज्यांनी शिकविण्यास आरंभ केला, त्यांच्याइतके मोठे कार्य दाखविण्यास आमच्या पेशातील कोणाजवळ आहे? तरीही १८६८ साली फुले दांपत्याने अस्पृश्य मानलेल्या शेजाऱ्यांस आपल्या घरचा हौद खुला केला. आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी एका आजारी मुलास स्वतः उचलून दवाखान्यात नेले, त्यातच रोग जडून १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. शाळा काढली म्हणून हौदाची आणि उशाची सुटका झाली, असे त्यांनी मानले नाही. जी सूट त्यांनी घेतली नाही, ती आम्ही उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर घेतली.

आता उपाय काय? सिडकोतील आमच्या गल्लीतही वृद्ध माणसे आहेत. त्यांच्याकडे आम्ही अलीकडे जाऊ लागलो आहो. परंतु ते जाणे त्यांच्या खाती जमा होईल, बाईंच्या नव्हे. ऋषिऋण एकाचे दुसऱ्यास देता येते. शेजाऱ्याचे ऋण त्या शेजाऱ्यासच आणि तो जिवंत आहे तोवरच देता येते. मुदत टळल्यावर ते ऋण नाहीसे होत नाही. केवळ घेणारा उरत नाही. म्हणून गुरूचे ऋण फिटत नाही, हे आमचे सभेतील वाक्य दोन्ही बाजूंनी चुकीचे होते. गुरूचे ऋण फिटते. शेजारणीचेही फिटले असते. त्यास आठवड्यातून एक संध्याकाळ पुरली असती.

ही चूक रबराने खोडता येईल, इतके गोड शब्द आमच्या व्यवसायात आम्हांस येतात. परंतु बाईंचा नियम ठाऊक असता तसे करणे शोभणार नाही. त्यावर एक रेघ ओढून, ती दिसेल अशीच, आम्ही येथे ठेवीत आहो.