घड्याळ कोणाच्या हातात?



आज जुलैचा चौथा रविवार. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वयोवृद्धांचा जागतिक दिन या रविवारी ठरवून दिला. येशूचे आजी-आजोबा संत ज्योकिम व संत ॲना यांचा सण २६ जुलैला येतो, म्हणून हा रविवार. आज मिस्सानंतर आपण ज्येष्ठांना फूल देऊ, टाळ्या वाजवू. त्याआधी आम्हांला एक कबुली द्यायची आहे.

आपल्या देवळात सकाळच्या मिस्साला पहिले वाचन करणारे एक आजोबा होते. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. वाचकांची यादी नव्याने करताना आम्ही त्यांचे नाव गाळले. त्यांची काही चूक झाली होती असे नाही. 'आता वय झाले, पायऱ्या चढायच्या, चष्मा सावरायचा, कशाला त्रास' असे मनात आले आणि त्यांना विचारावे हेही सुचले नाही. आम्हांला तो आमचा चांगुलपणाच वाटला. पुढे ते शेवटच्या बाकावर बसू लागले, मग मिस्सालाच दिसेनात. घरी गेलो तेव्हा म्हणाले, "फादर, तुम्ही काढलंत म्हणजे माझं काहीतरी चुकत असणार, असं वाटलं. आता घरी बायबल वाचतानासुद्धा अडखळतो. आधी नव्हतो अडखळत."

हे शब्द आमच्या मनातून जात नाहीत. तारापूरची वीजनिर्मिती सुरू झाली त्याच १९६९ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला एक नाव दिले. वंशभेद, तसा हा वयभेद. पुढे १९९६ मध्ये बेका लेव्ही या संशोधक बाईंनी वृद्धांसमोर संगणकाच्या पडद्यावर काही शब्द इतक्या झटकन दाखवले, की ते वाचल्याचे त्यांना कळलेही नाही. म्हातारपणाविषयीचे चांगले शब्द दाखवले त्यांची स्मरणशक्ती चाचणीत सुधारली, वाईट दाखवले त्यांची घसरली. तरुणांवर तसा परिणाम झाला नाही. शब्द ज्याच्या वयाचा, त्यालाच तो लागला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमधला एक प्रयोग जगभर गाजला. म्हातारपणाची आठवण करून देणारे शब्द वाक्यांत जुळवल्यावर तरुण विद्यार्थी व्हरांड्यातून सावकाश चालत गेले, असे त्यात आढळले. पण २०१२ मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी यंत्राने वेळ मोजून तो पुन्हा केला, तेव्हा तसे काही दिसेना. मग त्यांनी प्रयोग घेणाऱ्यांपैकी काहींना आधीच सांगून ठेवले, की ही मुले हळू चालतील. त्यांच्यापुढची मुले खरोखरच हळू चालली! चालणाऱ्याच्या पायांत जे शिरले, ते पाहणाऱ्याच्या मनातून आले होते. असे प्रयोग म्हणजे काही धर्मवचन नव्हे. तरी हे वाचताना आम्हांला आमची ती यादी आठवली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटल वाचला होता. तरुण उतावळे व भोळे, म्हातारे संशयी व भित्रे, आणि बुद्धी साधारण ४९व्या वर्षी पूर्ण पिकते, असे तो लिहितो. चाळिशीतल्या धर्मगुरूला हे वाचून फार बरे वाटते. शंका एवढीच, की ही मापे कोण घेतो? बहुधा मधल्या वयाचा माणूस. घड्याळ त्याच्याच हातात असते.

म्हणून तरुणांचीही सुटका नाही. आपल्यातला एक मुलगा एमआयडीसीत कंत्राटावर रात्रपाळी करतो आणि पाच माणसांचे घर चालवतो. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत तो हिशेबाबद्दल बोलू लागला, तर "तू अजून लहान आहेस, बाळा" म्हणून सगळे हसले. आम्हीही हसलो. पुढच्या बैठकीला तो आला, पण खुर्च्या लावून निघून गेला. खुर्च्या लावायला तो आम्हांला लहान वाटत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील मंदिराचा प्रसंग काढून पाहा. हन्नाचे वय ८४ असे तिथे येते. शिमोनाचे वय किती? आम्ही कित्येक वर्षे प्रवचनात त्याला पांढरी दाढी लावून थरथरत उभा केला. लूकने त्याचे वय कुठेही दिलेले नाही. दाढी आमची! आणि हन्ना, जिचे वय दिले आहे, ती त्या वयात कोपऱ्यात बसून नव्हती. बाळाविषयी ती येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत होती. तिला कुणी म्हटले नाही, की आजी, आता तुम्ही आराम करा.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या आजोबांकडे पुन्हा गेलो आणि चूक कबूल केली. पुढच्या रविवारचे वाचन छापून नेले होते, मोठ्या अक्षरांत. ते त्यांनी आमच्याकडे परत दिले. म्हणाले, "एवढी मोठी अक्षरं कशाला, फादर? नेहमीचंच पुस्तक ठेवा." येतो, असे मात्र त्यांनी अजून म्हटलेले नाही.

आपला,
धर्मगुरू