तेल भरलेला दिवा

नळदुर्गच्या उपळी बुरुजावर आम्ही चढलों, तेव्हां बरोबरचीं मुलें भिऊन म्हणूं लागलीं, “अशा ओसाड जागीं भूत असणारच.” आम्हीं त्यांस एका दीपगृहाची हकीकत सांगितली.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस फ्लॅनन बेटांवर १८९९ सालीं दीपगृह सुरू झालें. खडकांपासून गलबतें वांचावीं म्हणून तेथें रात्रभर दिवा जळे. १९०० च्या डिसेंबरांत तो दिसेनासा झाला. २६ तारखेस बोट पोहोंचली, तों तिन्ही राखणदार नाहींसे झालेले! पुढें भुताखेतांच्या कथा निघाल्या. अर्धवट टाकलेल्या जेवणाची कथा तर १९१२ च्या एका कवितेनें पसरविली. परंतु प्रत्यक्ष तेथें गेलेल्यांस भांडीं स्वच्छ आढळलीं, आणि दिवा पुसून तेल भरलेला. मोठ्या लाटेनें त्यांस ओढून नेलें असावें, असा चौकशीचा निष्कर्ष झाला. त्यांपैकीं दोघांच्या मागें विधवा व मुलें राहिलीं. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांस त्यांची आठवण कोठें होती?

आपल्याही गांवीं ज्या घरांत अकालीं मृत्यु घडला, त्यास आपण भुताचें घर म्हणतों, आणि तेथील विधवेच्या दारीं कोणी जात नाहीं. हें पाप भुताचें नव्हे, आपलें आहे. उपदेशक बंधूंनो, आज सायंकाळीं कंदील घेऊन त्या दारीं प्रथम तुम्ही जा. तेथें बसा, प्रार्थना करा.

दहा कुमारींचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. वर केव्हां येईल हें आपल्या हातीं नाहीं. दिव्यांत तेल असणें आपल्या हातीं आहे. त्या तिघांचा दिवा तयार होता. आपला आहे काय?