बासष्ट हजारांत वेलिंग्टन!

उभे राहा चौघंही. ती रंगीत फाइल इकडे टेबलावर ठेवा, उघडून. मुखपृष्ठ झकास आहे, किवी पक्ष्याला गॉगलसुद्धा घातलाय. 'वेलिंग्टन : पाच दिवस, कमी खर्चात, माणशी ६२,००० रुपये.' बेरीज मी दोनदा तपासली, पैचीही चूक नाही. चुकीच्या आकड्यांची इतकी बिनचूक बेरीज माझ्या पाहण्यात नाही.

पहिलं पान. 'व्हिसा लागत नाही, ऑनलाइन परवानगी काढावी, पर्यटन कर ३५ डॉलर.' कोणाला लागत नाही? ती सवलत अमेरिका, ब्रिटन, जपानच्या पासपोर्टवाल्यांना. तुमच्या हातात भारतीय पासपोर्ट असणार. त्यावर रीतसर व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो, त्याची फी वेगळी. आणि तो कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ३५ चा १०० डॉलर झालाय. न्यूझीलंडचा डॉलर साधारण पन्नास रुपयांचा धरा. झाले की नाही माणशी पाच हजार, विमानात पाय ठेवायच्या आधीच? शिवाय ऐपत दाखवावी लागते : महिन्याला माणशी १,००० डॉलर, राहण्याचे पैसे आधी भरले असतील तर ४००. हे पैसे खर्च होत नाहीत, पण बँकेत दिसावे लागतात. कोणाच्या खात्यात दिसणार? अख्ख्या फाइलमध्ये एकही मोठं माणूस नाही. नववीतली चार पोरं एकटीच निघाली वेलिंग्टनला!

हसू नका रे मागे. तुमच्या फाइली अजून माझ्या हातात यायच्यात.

घोळ कुठे झालाय ते सांगते. दुसऱ्याच देशाच्या कुणा प्रवाशाने कधीतरी स्वतःसाठी केलेला हिशोब तुम्ही उचललात, डॉलरचे रुपये केलेत आणि खाली चार नावं लिहिलीत. मुक्कामाला 'वायएचए' लिहिलंय. त्या संस्थेने न्यूझीलंडमधली स्वतः चालवलेली वसतिगृहं डिसेंबर २०२१ मध्येच बंद केली. पुढे 'काउंटडाउन सुपरमार्केट'. त्या दुकानांचं नाव २०२३ पासून बदलून वूलवर्थ्स व्हायला लागलं. एक फोन, एक ईमेल, काही म्हणून केलं नाहीत. दोन संध्याकाळी गेल्या असतील या फाइलवर, त्यातली दीड त्या गॉगलवर.

आता माझ्या विषयाकडे या. मे महिन्याची सुट्टी, म्हणून सामानात टोप्या आणि पोहण्याचे कपडे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओरिएंटल बे इथे समुद्रस्नान. दक्षिण गोलार्ध कोणत्या इयत्तेत शिकलात? मे अखेरीस तिथे हिवाळा दाराशी आलेला असतो. दुपारी पारा चौदाच्या आसपास, सूर्य पाचच्या सुमाराला गायब. वेलिंग्टन ४१ अंश दक्षिणेला, कुकच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर. तिथला वारा छत्री उलटी करतो. घ्या समुद्रस्नान! आणि गंमत बघा, खरी बचत इथेच तुमच्या हाती आली होती. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी, गर्दी तेव्हाची, चढे दर तेव्हाचे. मेमध्ये गर्दी ओसरलेली असते. तुमची सुट्टी आणि तिथला मंदीचा हंगाम नेमके जुळतात. पण ऋतूच उलटा धरल्यावर ते दिसणार कसं?

'सकाळी ऑकलंडला उतरून शहर पाहणे, संध्याकाळी बसने वेलिंग्टन.' दोन शहरांत रस्त्याने सुमारे ६४० किलोमीटर आहेत. बसला अकरा तास लागतात. मुंबईहून ऑकलंडला थेट विमान नाही, वाटेत कुठेतरी बदलावं लागतं, आणि त्यांचं घड्याळ मेमध्ये आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे. तुमच्या पाच दिवसांतले धड साडेतीन उरतात. नकाशा भिंतीवर लावलाय तो मी शोभेला नाही लावलेला.

'ते पापा संग्रहालय : प्रवेश फुकट.' १९९८ ला उघडल्यापासून फुकट होतं, खरं आहे. सप्टेंबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना ३५ डॉलर पडतात. पण सोळा वर्षांच्या आतल्यांना आजही काही पडत नाही! म्हणजे तुम्हाला फुकटच, सोबतच्या मोठ्यांना मात्र प्रत्येकी साधारण पावणेदोन हजार. आंधळ्याने मारलेला दगड बरोबर आंब्याला लागला, त्याचे गुण मी देणार नाही.

आणि हे काय? 'जेवण : शून्य रुपये. घरून लाडू, चटण्या, लोणचं, मध नेणे.' कोणाचं डोकं हे? बोला. शेती आणि पशुधनावर जगणारा देश आहे तो. परकी कीड आणि रोग आत येऊ नयेत म्हणून विमानतळावर सामान हुंगायला कुत्री असतात. खाण्याचा प्रत्येक जिन्नस जाहीर करावा लागतो. जाहीर केलात तर फार तर काढून घेतील. लपवलात, विसरलात, तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. वीस हजार रुपयांचा लाडू! मध तर प्रवाशाला नेताच येत नाही. आणि तू, काल मैदानावरून आलास तेच बूट घालून जाणार असशील तर तळवे आधी घासून घे, चिखलही त्यांना चालत नाही.

कमी खर्चात जेवायचं तर रस्ता सरळ होता. स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल निवडायचं, किलबर्नीच्या पॅक एन सेव्हमधून तांदूळ, अंडी, भाजी आणायची, नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. दुकानातल्या किमतीत १५ टक्के जीएसटी धरलेलाच असतो आणि हॉटेलात टीप ठेवायची तिथे रीत नाही. ही एवढी माहिती फाइलमध्ये असती तर मी गॉगलही माफ केला असता.

एक गोष्ट बरी आहे, तीही सांगते. बससाठी स्नॅपर कार्ड घ्यायचं हे कुणीतरी शोधून काढलंय. अक्षरावरून कोण ते कळलं मला. तसंच पुढे जायचं होतं. लॅम्बटन कीहून केबल कारने केलबर्नपर्यंत वर जायचं, एकेरी तिकिटावर; १९०२ पासून चालते ती. उतरताना पैसे कशाला? बोटॅनिक गार्डनमधून चालत खाली या, थेट संसदेपाशी. बागेला तिकीट नाही, संसदेची सफरही फुकट, मार्गदर्शकासकट. संध्याकाळी माउंट व्हिक्टोरिया, १९६ मीटर, सारं बंदर पायाखाली. हे सगळं तुमच्या यादीत नाही, आणि जिथे तिकीट आहे तिथे मात्र तुम्ही 'फुकट' लिहिलंय.

घरचे लोक असले कागद खरे मानतात, लक्षात ठेवा. मुलांनी शाळेत केलंय म्हटल्यावर आई बँकेची पासबुकं काढून बसते.

फाइल परत न्या. गुरुवारी नवी हवी आहे. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला, कोणत्या तारखेला घेतला, आणि चौघांपैकी कोणी तपासला, त्याचं नाव. सोबत येणाऱ्या दोन मोठ्या माणसांचा खर्च धरून. माणशी रक्कम दोन लाखांवर गेली तरी चालेल, खरी हवी. तोवर या प्रकल्पावर माझी सही होणार नाही.