मधल्या फळीची मशागत

गुणवत्ता उपजत असते असे म्हटले की खेळाडू घडवण्याची जबाबदारी आपसूक टळते. कायरा कूनी-क्रॉस या ऑस्ट्रेलियन फुटबॉल मध्यरक्षकाची वाटचाल पाहिली की या समजुतीतला फोलपणा कळतो. 2002 मध्ये क्वीन्सलँडमध्ये जन्मलेली कायरा पंधराव्या वर्षी मेलबर्न व्हिक्टरीकडून देशाच्या सर्वोच्च महिला लीगमध्ये खेळू लागली. लीगच्या 2021 च्या अंतिम सामन्यात सिडनी एफसीविरुद्ध जादा वेळही सरत आला, तरी गोलफलक कोराच होता. 120 व्या मिनिटाला तिने घेतलेली कॉर्नर किक थेट जाळ्यात गेली आणि व्हिक्टरीने विजेतेपद पटकावले.

असा गोल लक्षात राहतो, पण मध्यरक्षकाचे मोल त्याने ठरत नाही. तिचे काम चेंडू पायाशी येण्याआधी सुरू होते. बचावफळीकडून पास निघालेला असतो, तेवढ्यात ती खांद्यावरून मागे नजर टाकते. अंगावर कोण येतेय, मोकळी सहकारी कुठे आहे, हे टिपते. चेंडू घेऊन वळायचे की तो परत द्यायचा, याचा निर्णय तोवर झालेला असतो. ही नजर एकट्याने सराव करून येत नाही. ती चुरशीच्या सामन्यांत, चुकत चुकतच तयार होते.

ऑस्ट्रेलियाने हे सामने दिले. तिथे महिलांची राष्ट्रीय लीग 2008 मध्ये सुरू झाली. 2019 च्या करारात पुरुष आणि महिला राष्ट्रीय संघांना व्यावसायिक उत्पन्नात समान वाटा मिळाला. तरीही तेव्हा लीगचा हंगाम तोकडा होता. त्यामुळे कायरा 2022 मध्ये स्वीडनच्या हम्मारबीकडे आणि 2023 मध्ये इंग्लंडच्या आर्सेनलकडे गेली. मायदेशातील लीग खेळाडू घडवते, पण त्यांना टिकवू शकत नाही, ही त्या व्यवस्थेची खरी उणीव आहे.

2022 चा आशियाई चषक महाराष्ट्रात झाला, तेव्हा कायरा ऑस्ट्रेलियाच्या संघात होती. अंधेरीत इंडोनेशियाला 18-0 ने लोळवणारा हा संघ पुण्यात बालेवाडीला दक्षिण कोरियाकडून 0-1 ने हरला. टीका झाली, पण तरुण खेळाडूंवरचा विश्वास ढळला नाही. दीड वर्षाने मायदेशातल्या विश्वचषकात कायराने कॅटरिना गोरीच्या साथीने मधली फळी सांभाळली. सिडनीतल्या उपांत्य सामन्याला 75,784 प्रेक्षक होते. इंग्लंडने तो 3-1 ने जिंकला. ऑस्ट्रेलिया चौथा आला.

त्याच आशियाई चषकात यजमान भारताला कोविडमुळे एका सामन्यासाठी आवश्यक त्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. पुढे 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच मैदानावर हरवून भारतीय मुलींनी पुढच्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली. तेव्हा जिद्द आपल्याकडेही आहे. उणीव आहे ती वर्षभर खेळायला मिळणाऱ्या सामन्यांची. आपल्या जिल्ह्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलीला वर्षाकाठी किती चुरशीचे सामने मिळतात, हे तिथल्या संघटनेला प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक क्रीडाशिक्षकाने विचारले पाहिजे. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिले पाहिजे.